आजींचा मिठू, निळा रिंगनेक आणि आफ्रिकन ग्रे: कायद्यात काय बसतं, काय नाही

मानसीताई, आजींचा मिठू घरी ठेवता येईल का, आणि निळा रिंगनेक पोपट किंवा आफ्रिकन ग्रे (आफ्रिकेतला करडा पोपट) घेता येईल का, असं तुम्ही विचारलंत. त्यावर वर चार जणांनी तुम्हाला "काही होत नाही, घरोघरी असतात" असं सांगितलंय. घरोघरी असतात हे खरंय. काही होत नाही, हे कुणाची तक्रार जाईपर्यंतच. तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा सूर तुम्हाला खटकला असेल, पण त्यांचं म्हणणं बरोबर आहे. आजी गेल्यावर डोंबिवलीहून ठाण्यात कोलशेतला आणलेला तो हिरवा मिठू कायद्यात बसत नाही.

आपल्याकडचा गळ्यात पट्टा असलेला पोपट, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट, हे सगळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 खाली येतात. पूर्वी ते या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, म्हणजे जोडलेल्या यादीत, होते. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि ते दुसऱ्या अनुसूचीत गेले. पकडणं, विकणं, विकत घेणं, पाळणं, सगळंच गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम 39 प्रमाणे असा पक्षी सरकारी मालमत्ता धरला जातो, त्यामुळे "आजींचा होता, वारसाने आला" हा मुद्दा टिकत नाही. वनखात्याचं मालकी प्रमाणपत्र असेल तर गोष्ट वेगळी, पण घरच्या मिठूचं तसं प्रमाणपत्र मी तरी अजून पाहिलेलं नाही.

आता लोक म्हणतात, अहो, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला थव्यांनी ओरडत जातात, त्यांना कसलं संरक्षण? कायद्याचा रोख आपल्या पिंजऱ्यापेक्षा त्यामागच्या धंद्यावर आहे. थंडी सरता सरता यांची वीण सुरू होते. झाडाच्या ढोलीत हात घालून पंखही न फुटलेली पिल्लं काढतात, टोपलीत कोंबून शहरात आणतात. जी जगतात ती "हाताला सरावलेलं बेबी" म्हणून विकली जातात. गिऱ्हाईक आहे म्हणून ढोल्या रिकाम्या होतात.

निळ्या रिंगनेकबद्दल वाशीच्या विक्रेत्याने तुम्हाला 'एक्झॉटिक आहे, चालतो' सांगितलं ना? निळा, पिवळा, पांढरा, हे सगळे आपल्याच पट्टेवाल्या पोपटाचे पिंजऱ्यात वाढवलेले रंग आहेत. अनुसूचीत जातीचं नाव आहे, रंगाला सूट लिहिलेली नाही. "गळ्याला पट्टा नाही, म्हणजे दुसरी जात" हेही ऐकाल. नराचा पट्टा दोन-तीन वर्षांचा झाल्यावर उमटतो आणि मादीला तो जवळपास दिसतच नाही, तेव्हा त्या बोलण्याला काही अर्थ नाही. मी तर असा पोपट घेण्याच्या भानगडीत पडणारच नाही.

मिठूचं काय करायचं? आधी काय करायचं नाही ते सांगतो: उपवनच्या झाडीत नेऊन सोडू नका. वर एका ताईंनी तोच सल्ला दिलाय, मनापासून दिलाय, पण पेरू आणि भिजवलेल्या डाळीवर वाढलेल्या पक्ष्याला खाणं शोधायचं कसं हे माहीत नसतं, कावळ्या-घारींपासून पळायचं कसं हेही नाही. पंख छाटलेले असतील तर दोन दिवसही निघणार नाहीत. वनखात्याच्या 1926 या टोल फ्री नंबरवर फोन करा, पत्ता सांगा, आजींचा पक्षी होता आणि स्वतःहून जमा करायचाय हे स्पष्ट सांगा. माझ्या पाहण्यात असं स्वतःहून आणून देणाऱ्यांचा लेखी जबाब घेतात आणि पक्षी ताब्यात घेतात. कारवाई होणार नाही अशी हमी कायद्यात लिहिलेली नाही, पण तक्रारीवरून दारात माणसं येण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पिंजऱ्यासकट द्या, सोबत काय खातो ते चिठ्ठीवर लिहा. घरातल्या मुलांना आधी नीट सांगा, त्यांना जास्त लागतं.

आफ्रिकन ग्रे. गंमत बघा, आपल्या आंब्यावर बसणारा पोपट पाळता येत नाही आणि आफ्रिकेतला पाळता येतो, पण कागद हवेत. साइट्स करारात, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात, हा पक्षी 2017 पासून पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे सगळ्यात कडक यादीत. आपल्या कायद्यात साइट्सची सगळी यादी आता नव्या चौथ्या अनुसूचीत घेतलीय. फेब्रुवारी 2024 च्या नियमांनी अशा जिवंत प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश 2.0 पोर्टलवर नोंदणी सक्तीची केली. ज्यांच्याकडे आधीपासून होते त्यांना सहा महिने दिले होते. आता नव्याने घेतलात तर तीस दिवसांत नोंद करायची. पिल्लू झालं, पक्षी मेला, दुसऱ्याला दिला, तेही कळवायचं. पहिल्या परिशिष्टातली जात पैदास करणाऱ्याला परवाना लागतो, तो बघायला मागा. मकाव, सन कोन्युअर या परदेशी पोपटांनाही नोंदणी आहे. बजरीगर, कॉकाटील आणि पीच-फेस लव्हबर्ड या यादीत नाहीत. लव्हबर्डच्या बाकीच्या जाती मात्र आहेत, फिशरसुद्धा.

पायातली रिंग हातात घेऊन बघा. पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लाला ती अगदी लहानपणी, बोटं एकत्र धरून पायात सरकवतात. तिला सांधा नसतो आणि मोठ्या पक्ष्याच्या पायातून ती निघतही नाही. सांधा असलेली रिंग कुणीही, कधीही चढवू शकतो. अर्थात बिनसांध्याची रिंग म्हणजे नोंदणी नव्हे. विक्रेत्याच्या नावावरची परिवेशची नोंद दिसली, तिच्यावरचा आणि रिंगवरचा नंबर जुळला, तरच टोकन द्या. "कागद नंतर पाठवतो" म्हणाला तर वाशीहून रिकाम्या हाताने परत या.