कुटुंब, घर की चूल?

१९४५-४६ साली गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, तिघांनी मिळून तिथल्या 'अशांती' (Ashanti) लोकांची एक पाहणी केली: मानववंशशास्त्राचे मायर फोर्टेस, भूगोलाचे रॉबर्ट स्टील आणि अर्थशास्त्राच्या पीटर एडी (नाव पीटर असलं तरी बाई). या पाहणीवर मराठीत लिहिणाऱ्या एकाने विचारलंय की, तिच्यातल्या 'हाउसहोल्ड'ला 'कुटुंब' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. पण त्याआधी, 'अशांती' तेवढं बदला. 'अशांतीचे सर्वेक्षण' म्हटलं की आपल्याकडे दंगलीची चौकशी वाटते. ते लोक स्वतःला असांते म्हणवतात, तसंच लिहावं.

आता कुटुंब. संध्याकाळी असांते गावात पोरं स्वयंपाकाची भांडी घेऊन लगबगीने जाताना दिसत, असं फोर्टेस यांनी टिपून ठेवलंय. आईच्या घरून बापाच्या घरी जेवण निघालेलं असे. कारण कित्येक बायका लग्नानंतरही आपल्याच माणसांत राहत आणि नवरा त्याच्या माणसांत. आपल्या भाषेत बाई कायमची माहेरी, मुलं कायमची आजोळी! आपली जनगणना एका चुलीवर जेवणाऱ्यांना एकत्र मोजते. इथे चूल एकीकडे आणि जेवणारा दुसरीकडे. म्हणून 'चूल'ही बाद. साधं 'घर' बरं.

त्यांचा रक्ताच्या नात्याचा शब्द 'अबुसुआ'. तो आईकडून चालतो: भाऊ, बहिणी, बहिणींची मुलं. त्यात बायको नाही. आणि आपल्याकडे जुनी माणसं 'आमचं कुटुंब' म्हणत ते नेमकं बायकोलाच! तेव्हा अबुसुआला 'मातृकुळ' म्हणा. 'गोत्र' नको, ते बापाकडून येतं.

एका ठिकाणी मात्र मराठी इंग्रजीवर मात करते. 'नेफ्यू'मध्ये पुतण्या आणि भाचा दोन्ही कोंबलेले असतात, आणि असांते वारसाहक्काचं सगळं गणित त्या फरकावर उभं. बायकामुलांनी राबून कोकोची बाग वाढवायची आणि बापामागे ती त्याच्या भावाकडे नाहीतर भाच्याकडे जायची, अशी रीत होती. बायकामुलांना कायद्याने ठरावीक वाटा मिळाला तो १९८५ मध्ये. त्यामुळे 'अंकल' दिसला की थांबा. तो बहुधा 'वोफा', म्हणजे मामा असतो. तिथे 'काका' लिहिलंत तर बाग भलत्याच्याच नावावर चढेल.