परमुलखातलं पान : लुईझियानात जेवायला थांबताना

प्रश्न : एप्रिलमध्ये आम्ही दोघं मुलाकडे ह्यूस्टनला चाललोय. तिथून गाडीनं न्यू ऑर्लिन्सला जायचं ठरलंय. वाटेत लुईझियाना राज्यातल्या लहानशा गावात कॅजन, म्हणजे तिथल्या फ्रेंच वंशाच्या लोकांच्या पद्धतीच्या, हॉटेलात जेवू, असं मुलगा म्हणतो. ते जेवण फार जाळ असतं म्हणे. मी मासे-मटण खातो, पण गाईचं आणि डुकराचं नाही. आमची मंडळी माळकरी. काय मागवावं, किती मागवावं?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : भाऊ, जाळाचं काही मनावर घेऊ नका. संकेश्वरी मिरची रोजच्या आमटीत पडणाऱ्या माणसाला तिथलं तिखट कळेल, इतकंच. मिरपूड आणि लाल केयेन मिरची, एवढाच त्यांचा जोर. टेबलावर टबॅस्को या तिखट सॉसची बाटली असते. ती त्याच मुलखात एव्हरी आयलंडला १८६८ पासून बनते. मिरची मीठ घालून वाटायची, ओकच्या पिंपात मुरवायची, मग त्यात व्हिनेगर. म्हणजे ती तिखटापेक्षा आंबटच जास्त.

लेकीकडे राहायला गेले की मी त्या बाजूला खात आलेय, आणि खानापूरला खानावळ चालवलेली असल्यानं माझं लक्ष ताटाआधी चुलीकडं जातं. तिथल्या हॉटेलाची परीक्षा तिखटावर करू नका. भात आणि त्यावरचा रस्सा बघा. त्या रश्श्याचा जीव ‘रू’मध्ये असतो : तेल आणि मैदा, मंद आचेवर, हात न थांबवता परतायचं. मैदा आधी बदामी होतो, मग विटकरी, मग गडद चॉकलेटी. तिथवर न्यायला पाऊण तास सहज जातो. मध्येच फोन घ्यायला गेलात आणि काळे ठिपके दिसले, की सगळं फेकून पहिल्यापासून. गंमत अशी की रू जितका गडद, तितका तो रस्सा कमी दाट करतो, पण चव तितकी खोल. त्यात मग कांदा, ढोबळी मिरची आणि सेलरी, म्हणजे जाड देठांची एक भाजी, ही तिघं पडतात. आपलं कांदा-आलं-लसूण तसं त्यांचं हे. गंबो, म्हणजे हाच भातावरचा रस्सा, आला की चमच्यानं ढवळून बघा. रंग फिका आणि वर पिठाचा वास आला, तर स्वयंपाकी घाईत होता समजा.

आता तुमच्यापुरतं. एप्रिल म्हणजे क्रॉफिशचा भर हंगाम. ही गोड्या पाण्यातली, लांबट, नांगीवाली जात. भात कापला की त्याच शेतात पाणी सोडून तिची पैदास करतात. आपल्याकडं पावसात भाताच्या बांधावर खेकडे धरणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. उकडलेले क्रॉफिश पौंडावर विकतात, सोबत मक्याची कणसं आणि बटाटे. एका माणसाला तीन ते पाच पौंड सांगतात. ऐकून घाबरू नका, कारण वजनाच्या जेमतेम पंधरा टक्के मांस निघतं. तीन पौंड म्हणजे साधारण एक किलो साडेतीनशे ग्रॅम, त्यातलं पोटात जाणार दोनशे ग्रॅम. डोकं एका हातात, शेपूट दुसऱ्या हातात, उलटसुलट पिळून वेगळं करा. शेपटीची वरची एक-दोन कडी सोला, खालून चिमटा, मांस आपसूक बाहेर येतं. डोक्यातला पिवळा ऐवज तिथली माणसं चोखून खातात. तुम्हीही खावा की, खरी चव तिथंच आहे. बोटं मसाल्यानं माखतात, तेव्हा त्या हातानं डोळे चोळू नका.

सोलायचा कंटाळा असेल तर क्रॉफिश एटुफे मागवा, म्हणजे लोणी-कांद्याच्या दाट रश्श्यातलं तेच मांस, भातावर. कॅटफिशचे तळलेले तुकडे चालतील. मात्र ‘चिकन गंबो’ वाचून फसू नका. त्यात बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं. जंबलाया, म्हणजे त्यांचा मसालेभात, त्याचंही तेच. पेट्रोल पंपावरच्या दुकानांतही गरम बूडॅन मिळतं. ते डुकराचं मांस, काळीज आणि भात भरलेलं, तेव्हा मुलाला खाऊ द्या, तुम्ही राहू द्या. एटुफेतसुद्धा काय घातलंय ते विचारून घ्या, कोणी रागावत नाही.

वहिनींचं मात्र अवघड आहे, उगाच गोड बोलून उपयोग नाही. तिथं घेवड्याच्या शेंगांत बेकन, राजम्यात सॉसेज, मक्याच्या भाजीतही बऱ्याचदा डुकराचं खारवलेलं मांस. तळलेली भेंडी मिळते, पण ती माशांच्याच तेलात तळलेली असू शकते. कॉर्नब्रेडमध्ये अंडं असतं. भाजलेलं रताळं मिळालं तर नशीब. सूनबाईला सांगून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा गाडीत ठेवा. त्यांनी तो गाडीतच खाऊन घ्यावा आणि मग तुमच्यासोबत बसून गोड चहा, म्हणजे साखर घातलेला बर्फाचा चहा, प्यावा. आणि ईस्टरआधीचे उपासाचे दिवस चालू असतील तर एक मौज बघायला मिळेल. शुक्रवारी तिथली कॅथलिक मंडळी मांस वर्ज्य करतात आणि परातभर क्रॉफिश पुढ्यात घेतात. माळकरणीला हा उपास दाखवाच.

थांबायचं कुठं? ह्यूस्टन ते न्यू ऑर्लिन्स साधारण साडेपाचशे किलोमीटर. अर्ध्याच्या थोडं पुढं लाफायेट, आणि त्याला लागून ब्रो ब्रिज. १९५९ मध्ये लुईझियानाच्या विधिमंडळानं या गावाला ‘क्रॉफिशची जागतिक राजधानी’ म्हणून जाहीर केलं. तिथंच जेवून घ्या, कारण पुढं अचाफलायाच्या दलदलीवरचा पूल लागतो, तो एकोणतीस किलोमीटरचा. दुपारचं ‘प्लेट लंच’ स्वस्त आणि घरगुती असतं, पण ते संपलं की संपलं, दोनच्या आत पोचा. ताटं मोठी असतात. तिघं जेवणारे असाल तर दोन मागवा, जास्तीची रिकामी ताटली मागा. बिलावर अठरा-वीस टक्के टीप ठेवायची असते. आपल्याला ते जड जातं, पण वाढणाऱ्या पोरींची कमाई त्यावरच चालते.

प्रश्न : ही कॅजन मंडळी कोण? अमेरिकेत राहून गावांची नावं फ्रेंच कशी?
– एक शिक्षिका, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : बाई, ही मूळची कॅनडाच्या किनाऱ्यावरची फ्रेंच शेतकरी कुटुंबं. इंग्रजांनी १७५५ पासून त्यांना घरादारातून हाकललं. भटकत भटकत त्यातली बरीच १७६० नंतरच्या दशकात लुईझियानात आली. दलदलीत जे मिळालं ते शिजवलं. भेंडी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांमुळं आली, गंबोत पडणारी सासाफ्रासच्या पाल्याची पूड तिथल्या चोक्टॉ लोकांनी दिली. १९२१ च्या राज्यघटनेनं शाळेत फक्त इंग्रजी ठेवली, आणि फ्रेंच बोलणाऱ्या पोरांना शिक्षा होऊ लागल्या. १९६८ मध्ये सरकारनंच फ्रेंच टिकवायला मंडळ नेमलं, तोवर एक पिढी घरात बोलायची थांबली होती. सीमाभागातल्या शिक्षिकेला यावर मी आणखी काय सांगू? हॉटेलात म्हातारी माणसं कोपऱ्यात बसून फ्रेंच बोलताना दिसली, तर खुर्ची जरा जवळ ओढून ऐका.

प्रश्न : मावशी, गंबो घरी करता येईल का? सेलरी आमच्याकडं मिळत नाही.
– कॉलेजची विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : येईल की गं. सेलरी नसेल तर कांदा आणि ढोबळी मिरची वाढव, कोथिंबिरीचे देठ घालू नकोस, वास पार बदलतो. अर्धी वाटी तेल, अर्धी वाटी मैदा, बुडाला जाड असलेली कढई. रू चॉकलेटी झाला की चिरलेला कांदा-मिरची त्यात घाल, म्हणजे तो आणखी करपायचा थांबतो. मग कोंबडीचं गरम पाणी थोडं थोडं घालून ढवळ, गुठळी होऊ देऊ नकोस. भेंडी आधी वेगळी परतून घे. मीठ, मिरपूड, लाल तिखट, तमालपत्र, एवढंच. आपल्या भागातला बासमती त्याला फार मोकळा आणि सुवासिक पडतो, इंद्रायणी घे. आणि आईला आधीच सांगून ठेव की पाऊण तास शेगडी तुझ्याकडं राहणार आहे.