मोकळ्या उत्तरांचे पेपर पहिल्यांदा तपासतेयस ना, मग हे वाच

अगं, आधी प्रश्नच नीट कर. ‘राजवाड्याविषयी लिहा’ असं दिलंस की आपल्या इंदौरची पोरं होळकरांपासून सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसापर्यंत सगळं लिहितील, मग मार्क कशाला देणार? त्यापेक्षा ‘राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, आग लागली तर जास्त नुकसान कुठे होईल आणि का, दोन कारणं’ असं विचार, म्हणजे पाठांतर नाही विचार दिसतो.

पेपर वाटायच्या आधीच स्वतः उत्तर लिहून बघ आणि रुब्रिक, म्हणजे कशाला किती मार्क याचा तक्ता, बनव, 4 मार्काचं उत्तर कसं, 2 चं कसं, अर्धवट कारण असेल तर काय, हे सगळं लिहूनच ठेव कारण डोक्यात ठेवलेलं विसाव्या पेपरापर्यंत बदलतं, माझं दरवर्षी बदलायचं. 1912 मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या संशोधकांनी इंग्रजीचा एकच पेपर 142 शिक्षकांकडून तपासून घेतला तर मार्क 64 पासून 98 पर्यंत पडले, पेपर तोच हं!

तपासताना सगळ्यांचा प्रश्न 1 आधी, मग सगळ्यांचा 2. एका पोराचा अख्खा पेपर सलग बघितला की पहिल्या छान उत्तराची छाप पुढच्यावर पडते, हॅलो इफेक्ट म्हणतात तो हाच. नाव झाक. अक्षर, शुद्धलेखन याचे मार्क द्यायचे असतील तर वेगळे ठेव. आणि दहाएक पेपर दुसऱ्या मॅडमना तुझे मार्क न दाखवता तपासायला दे, फरक जास्त आला तर बहुतेक वेळा रुब्रिकच ढिली असते, आधी ती घट्ट कर मग पुढचा गठ्ठा उघड