चांदीच्या कुड्यांना दांडी जोडताना दांडीच वितळते, काय चुकतंय?

ज्योत दांडीवर मारताय, तिथंच गडबड आहे. डाख, म्हणजे जोडासाठी वितळवायचा धातू, जास्त तापलेल्या भागाकडे धावतो. दांडीची बारीक तार क्षणात लाल होते, कुडीची जाड चकती थंडच राहते. मग डाख तारेवर चढून बसतो आणि चकतीला धरतच नाही.

आधी दोन्ही जागा पॉलिश पेपरने घासा, बोट लावू नका. सवागी (टाकणखार) लावा, चकतीवर मोहरीएवढा डाखाचा तुकडा ठेवा आणि ज्योत फक्त चकतीवर गोल फिरवा. सवागी आधी फुगते, मग काचेसारखी पातळ होते. डाख चमकून पसरला की चिमट्यातली दांडी सरळ त्यात उभी करा, ज्योत काढा आणि पाच सेकंद श्वाससुद्धा रोखून धरा! माझ्या पहिल्या चार दांड्या तिरक्याच बसल्या होत्या.

डाख चांदीचाच, सोपा वितळणारा घ्या. रेडिओ दुरुस्तीचं शिसं-कथील चुकूनही नको. पुढे तापवलं की ते चांदीला खड्डे पाडतं. काळेपणा लिंबूसत्त्वाच्या गरम पाण्यात जातो, पण त्यात लोखंडी चिमटा घालू नका, दागिन्यावर तांबं चढतं. तापून मऊ पडलेली दांडी पकडीने अर्धा पीळ दिला की कडक होते. जोड कच्चा असेल तर तेव्हाच सुटून येईल.