पोलिसी मारहाणीविरुद्ध लढणाऱ्या संघटना कायदा कोठून शिकतात?

आपला प्रश्न असा आहे की, मानवी हक्क संघटनांकडे पोलिसांना न्यायालयात खेचण्याइतके कायद्याचे ज्ञान कोठून येते, त्यासाठी त्या मोठे वकील नेमतात का? नेमतात, पण ज्ञान तेथून येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मी वकील नाही. पतसंस्थेत हिशेबनीस होतो आणि संध्याकाळी जिल्ह्याच्या गावातील एका लहान हक्क समितीचे दप्तर सांभाळत असे.

एकदा पारधी वस्तीवरील एका तरुणाला चोरीच्या संशयावरून पोलिसांनी रात्री उचलून नेले. सकाळी त्याची आई आमच्याकडे आली. समितीच्या अध्यक्षांचे म्हणणे पडले की आधी पत्रकार परिषद घ्यावी, दुपारी मोर्चा काढावा आणि खंडपीठात नावाजलेला वकील उभा करावा. मी मात्र नुकतीच सनद मिळालेल्या एका वकील मुलीला घेऊन रिमांडच्या वेळी, म्हणजे आरोपीला कोठडी द्यायची की नाही हे ठरते त्या वेळी, कोर्टात जाऊन बसलो. मुलाला आणले तेव्हा तळपाय सुजल्यामुळे चपला त्याच्या हातात होत्या. "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" असे न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारले, शेजारच्या हवालदाराकडे पाहून तो "नाही" म्हणाला. तेव्हा त्या मुलीने, साहेबांनी आरोपीचे पाय स्वतः पाहावेत, एवढीच विनंती केली. त्यांनी पाहिले, सूज असल्याची नोंद रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, घेतली आणि त्याला वैद्यकीय तपासणीस पाठवले. अटक पंचनाम्यात मात्र 'अंगावर जखमा नाहीत' असे लिहिलेले होते. आम्ही दोन्ही कागदांच्या नकला काढून घेतल्या, आणि पुढे खातेनिहाय चौकशीत संबंधित अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागले ते या विसंगतीचे. अध्यक्ष शेवटपर्यंत सांगत राहिले की हा परिणाम मोर्चाचा. मोर्चाचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले होते, हे मी नाकारत नाही.

न्यायदंडाधिकाऱ्यांनी तो प्रश्न विचारलाच पाहिजे, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये शीला बारसे यांच्या प्रकरणात घालून दिला. बारसे पत्रकार होत्या. मुंबईच्या तुरुंगातील स्त्रियांशी बोलून त्यांनी पोलीस कोठडीतील मारहाणीविषयी न्यायालयाला पत्र लिहिले. अटकेचा मेमो, नातेवाइकांना कळवणे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हे डी. के. बसू निकालातील नियम १९९६ चे. त्याचे मूळ पश्चिम बंगालमधील कायदा साहाय्य संस्थेच्या अध्यक्षांनी, म्हणजे खुद्द बसू यांनी, १९८६ मध्ये पाठवलेल्या पत्रात आहे. मुंबईतील १९९५ ते १९९७ या काळातील सुमारे ९९ चकमकी आणि त्यांतील सुमारे १३५ मृत्यू यांचा प्रश्न पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने लावून धरला, तेव्हा कोठे २०१४ मध्ये चकमकींच्या तपासाचे नियम आले. इतकी वर्षे प्रकरण जिवंत ठेवायचे तर कोणाला तरी फाइल सांभाळावी लागते, आणि ते काम तारखेपुरता येणारा वकील करत नाही. आंध्रातील के. बालगोपाल गणिताचे प्राध्यापक होते. हक्कांच्या चळवळीत अनेक वर्षे घालवल्यानंतर ते वकिलीत आले. म्हणून कोणी मला 'वकील आधी, कार्यकर्ता नंतर' असे सांगू लागला की मी त्यांचे नाव घेतो.

तेव्हा आपली संघटना असेल तर एका माणसाला रोज रिमांड कोर्टात बसवा, प्रत्येक प्रकरणाची नक्कल काढा आणि आठवड्यातून एक निकाल मोठ्याने वाचा. नावाजलेल्या वकिलाला द्यायलाही अखेर हेच कागद लागतात. अर्थात उच्च न्यायालयात याचिका लढवायला मुरलेला वकील हवाच, आणि ज्या माणसाची अटकच कागदावर दाखवलेली नाही तेथे माझी ही पद्धत तोकडी पडते. तेथे त्याच दिवशी हेबिअस कॉर्पसची, म्हणजे माणसाला न्यायालयासमोर हजर करा अशी मागणी करणारी, याचिका करणे आले. आणखी एक सांगायचे राहिले. कुटुंबाला त्याच ठाण्याच्या हद्दीत राहायचे असते, म्हणून तक्रार पुढे न्यायची की नाही हे त्यांनीच ठरवावे, समितीने नव्हे, आणि अध्यक्षांनी तर मुळीच नव्हे.