हात स्वच्छ आहेत हे कळतं, तरी नळ बंद करवत नाही

प्रिय मैत्रिणीस,

दाराच्या कडीला हात लागला की तुम्ही कोपरापर्यंत धूत बसता. बोटांच्या पेरांवर चिरा पडल्यात, साबणाने आग होते. "हात स्वच्छ आहेत हे कळतं, मग थांबता का येत नाही? माझ्यात निग्रहच नाही का?" असं तुम्ही विचारलंय. निग्रहाचा इथे प्रश्नच नाही. कृपा करून स्वतःला हिणवू नका.

थांबता येत नाही, कारण धुतल्यावर खरोखरच बरं वाटतं. छातीतली धडधड पाण्याखाली हात धरताच उतरू लागते आणि मेंदू मनाशी पक्कं करतो, धुतलं म्हणून वाचलो. न धुता काय झालं असतं, हे त्याला कधी कळतच नाही. खरं तर ती भीती न धुताही ओसरते. बऱ्याचदा एक-दोन तासांत. पण तेवढा वेळ तळमळत काढणं फार कठीण असतं, म्हणून तिथवर पोचणंच होत नाही.

शिवाय एरवी माणूस हात स्वच्छ दिसले की थांबतो. तुम्ही आतून 'आता बरोबर वाटतंय' असं येईपर्यंत धूत राहता. आणि जितकं घासावं तितकी खात्री डळमळते. अंगठा धुतला होता का? की पुन्हा पहिल्यापासून.

ही लक्षणं मंत्रचळाची, म्हणजे ओसीडीची वाटतात; तीच भीती आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा हा मनाचा आजार. निदान मानसोपचारतज्ज्ञच करतील. लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली मांडलेल्या पद्धतीतून आजचा मुख्य उपचार आला: घाण वाटणाऱ्या वस्तूला मुद्दाम हात लावायचा आणि धुवायचं नाही. सुरुवात सोप्या वस्तूपासून, तीही तज्ज्ञांच्या मदतीने. गरज पडल्यास नैराश्यावरच्या काही गोळ्या यालाही लागू पडतात; गुण यायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात, मध्येच सोडू नका.

एक गोष्ट तुमच्या यजमानांसाठी. ते तुमच्याऐवजी दारं उघडतात, "नीट धुतले ना मी?" याला दर वेळी "हो" म्हणतात. मायेपोटीच, पण ते "हो"सुद्धा धुण्यासारखंच घटकाभर बरं वाटायला लावतं आणि भीती तशीच राहते. हे एकदम तोडू नका, कसं कमी करायचं ते तज्ज्ञांसमोर दोघांनी मिळून ठरवा. पहिल्या भेटीला त्यांना सोबत न्या आणि त्या चिरा त्वचेच्या डॉक्टरांनाही दाखवा.