सहा बिस्किटांची एक भाकरी

प्रश्न : आमचे अण्णा 67 वर्षांचे आहेत. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. चहात साखर नाही, रात्रीची भाकरीसुद्धा अर्धी केली. तरी जेवणानंतरची साखर 240 च्या खाली येईना. बिस्किटं मी 'शुगर फ्री' लिहिलेलीच आणते. सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर सहा-सहा खातात. पाकिटावर खोटं छापतात का?
– एक लेक, परळी वैजनाथ

उत्तर : ताई, खोटं नसतं, म्हणूनच माणूस फसतो. 2018 च्या नियमांप्रमाणे 100 ग्रॅममागे साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नसेल, तर 'शुगर फ्री' लिहिता येतं. त्या हिशेबात मैदा येतच नाही. आणि मैदा पचला की त्याचंही ग्लुकोजच होतं.

पाकीट उलटं करा, तक्त्यात 'कार्बोहायड्रेट' शोधा. लातूरला माझ्याकडे रुग्ण पाकिटं घेऊन येतात. बऱ्याच बिस्किटांवर 100 ग्रॅमला 65-70 ग्रॅम असतं. एक बिस्कीट आठ ग्रॅमचं धरा. सहा बिस्किटांत झालं 32-33 ग्रॅम. पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतही जवळपास एवढंच! म्हणजे अण्णांच्या ताटातून अर्धी भाकरी काढली आणि चहाबरोबर दिवसाला दोन वाढल्या. भाकरीत निदान चोथा तरी असतो.

माझी माय उदगीरला अशीच बिस्किटं औषध समजून खायची. आणून मीच द्यायचे, याचं अजून वाईट वाटतं.

घटकांच्या यादीत सगळ्यात जास्त वजनाचा पदार्थ आधी लिहितात. मैदा पहिला दिसला तर पाकीट परत ठेवा. 'माल्टोडेक्स्ट्रिन' दिसलं तरीही. त्यानं रक्तातली साखर झपाट्यानं चढते. गुळाची बिस्किटंही नकोत, गूळ म्हणजे साखरच. चहाबरोबर काही लागतंच, तर दात साथ देत असतील तोवर मूठभर फुटाणे द्या.

मात्र बिस्किटं बंद करताना डॉक्टरांना सांगा. खाणं घटलं आणि गोळ्या तेवढ्याच राहिल्या, तर काही गोळ्यांनी साखर फार खाली जाते. घाम सुटला, हात थरथरले आणि अण्णा शुद्धीवर असतील, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. त्यासाठी खऱ्या साखरेचा डबा घरात हाताशी असू द्या. त्या वेळी 'शुगर फ्री' काही उपयोगाचं नाही.